राजेहो, संदर्भ शोधत बसू नका, सूची भरा

गावाकडून विद्यापीठाच्या लायब्ररीत पीएचडीच्या प्रबंधासाठी इतिहासाचे संदर्भ काढायला निघाले असाल तर आधी विषयाचं बघा, तो जितका मोघम तितका चांगला. 'वऱ्हाडातील कापूस व्यापार : एक ऐतिहासिक अभ्यास' एवढं बस झालं. त्यात साल टाकू नका, साल टाकलं की फसले, कारण मग कोणीतरी त्या सालचा कागद मागते.

सकाळच्या एसटीनं निघा. पोचेपर्यंत साडेबारा-एक होतातच, काउंटरवरचे भाऊ डबा उघडायच्या बेतात असतात, नेमकं तेव्हाच विचारा, "सर, विदर्भाचं जुनं काही आहे काजी?" ते तुम्हाला वरून खालपर्यंत पाहतील अन् हातानं मागचं कपाट दाखवतील. आता त्या कपाटापर्यंत जायचं म्हणजे रिडिंग रूम ओलांडावी लागते, तिथं तलाठी भरतीवाले, पोलीस भरतीवाले, एमपीएससीवाले, प्रत्येक खुर्चीवर बॅग, एका बोर्डाला सात मोबाईल लटकलेले, अन् तुम्ही चालले की सगळे मान वर करून पाहतात की हा कोण नवीन जागा धरायला आला. या पोरांना इतिहास तुमच्यापेक्षा जास्त पाठ आहे, फक्त तो चार पर्यायांत आहे.

कपाटाची चावीवाले रजेवर नसले तर आत जिल्हा गॅझेटियर दिसतील, म्हणजे इंग्रज सरकारनं काढलेले जिल्ह्याच्या माहितीचे जाडजूड ग्रंथ, यवतमाळचं 1908 चं, अमरावतीचं 1911 चं. लांबूनच पाहा. हात लावला की बांधणीचा भुगा शर्टाला लागते, अन् जे पान पाहिजे ते आधीच कोणीतरी ब्लेडनं नेलेलं असते.

मग कॉम्प्युटरवर बसा. 'यवतमाळ' टाका, सोबत 1880, एंटर. काहीच आलं नाही? सोन्याहून पिवळं! "प्रस्तुत विषयावर पूर्वी संशोधन झालेले आढळत नाही" हे वाक्य तिथल्या तिथं लिहून घ्या, प्रस्तावनेचं अर्धं काम झालं. कोणी शहाणा येऊन सांगेल की बाबू, तेव्हा तो जिल्हा वणीच्या नावानं होता, वाशीम अन् एलिचपूर म्हणजे आताचं अचलपूर पण वेगळे जिल्हे होते, 1905 ला सहाचे चार केले, वाशीमला परत जिल्हा व्हायला 1998 उजाडलं, म्हणून जुन्या नावानं शोध. त्याच्या नादी लागू नका, कारण तो तिथं थांबत नाही. पुढं म्हणेल की 1853 ला निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं पण कारभार हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटकडून चालायचा, 1903 ला ते मध्य प्रांताला जोडलं, 1956 ला मुंबई राज्यात गेलं, 1960 ला महाराष्ट्रात, म्हणजे एका तालुक्याच्या कागदापायी हैदराबाद, नागपूर, मुंबई, दिल्ली अन् जमलं तर लंडन. एवढं फिरायला पैसा कोण देते? फेलोशिप असली तरी ती कधीची थकलेली असते.

आता खरा उपाय सांगतो, हा कोणी सांगत नाही. शोधगंगावर जा, म्हणजे देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध ठेवतात त्या वेबसाइटवर. तिथं प्रबंध अख्खा नसते, तुकड्या-तुकड्यानं टाकलेला असते, प्रमाणपत्र वेगळं, प्रकरणं वेगळी, अन् शेवटी संदर्भसूचीची स्वतंत्र फाईल. म्हणजे प्रबंध वाचायचा त्रासच ठेवला नाही, सरळ सूची डाउनलोड करा. चोरी पकडली जाईल याची भीती वाटत असेल तर यूजीसीचा 2018 चा नियम काढून पाहा, 10 टक्क्यांपर्यंत साम्य माफ अन् संदर्भसूची तर त्या तपासणीतून वगळलेलीच आहे. प्रबंधात बिनधास्त उचलायला एवढी सुरक्षित जागा दुसरी नाही, बाकी राहिलं ऋणनिर्देश, तेही वगळलेलं आहे, तिथं पत्नीचं नाव तेवढं बदलून घ्या.

फक्त एक करा, टायपिंगच्या चुका दुरुस्त करू नका. कोणी एकानं 1911 चं 1917 केलं असेल तर तुम्हीही 1917 च ठेवा, कारण पुढच्या चौघांनी तेच ठेवलेलं असते अन् तुम्ही एकट्यानं 1911 लिहिलं तर मार्गदर्शक तुमचंच चूक धरतील. सूचीत 'प्राथमिक साधने', म्हणजे त्या काळचे मूळ कागद, असा कप्पा पाहिजेच, त्यात गॅझेटियर टाका. ते साहेबानं दुसऱ्याच्या अहवालावरून लिहिलेलं असलं तर असो, जुनं आहे ना, झालं प्राथमिक.

अन् हो, गावात साधनं शोधायची नाहीत. तसं पाहिलं तर गावातल्या माणसाला जुना कागद काढता येत नाही असं थोडंच आहे? पोराची जातीची व्हॅलिडिटी अडू द्या, मग बघा. ओबीसीला 1967 च्या आधीचा पुरावा पाहिजे, एससी-एसटीला 1950 च्या आधीचा, की लगेच बाप कामाला लागते, शाळेतून पणज्याचा दाखल-खारीज उतारा, तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून कोतवाल बुकाची नक्कल, त्यात कोण कधी जन्मलं, कोण कशानं मेलं, जात काय, सगळं लिहिलेलं. मोडीत असला तर वाचणाराही हुडकून आणते. तिकडं गडचिरोलीत वनहक्काच्या दाव्यासाठी ग्रामसभांनी निस्तारपत्रकं, म्हणजे जंगलावरच्या गावाच्या जुन्या हक्कांच्या नोंदी, बाहेर काढली, तिथल्या मेंढा-लेखा गावाला 2009 ला सामूहिक वनहक्क मिळाला. वनहक्क कायद्याच्या नियमात गॅझेटियर अन् जनगणना पुरावा म्हणून चालते, अन् म्हाताऱ्या माणसानं सांगितलेलं लिहून घेतलं तरी चालते. पण त्या लोकांना जंगल पाहिजे होतं, तुम्हाला डिग्री पाहिजे, तुम्ही कायले तहसीलच्या बाबूच्या टेबलाशी उभे राहता? त्याच कोतवाल बुकात प्लेगात अन् कॉलऱ्यात गावं कशी रिकामी झाली ते दिसते म्हणतात, दिसू द्या. तुमच्या घरी व्हॅलिडिटीच्या फाईलमध्ये त्याची एक नक्कल पडलेली असेलच, ती तिथंच राहू द्या, लॅमिनेशन खराब होते.

राहता राहिला व्हायवा, म्हणजे शेवटची तोंडी परीक्षा. बाहेरचे परीक्षक कोण येणार ते आधी काढा, हे एक संशोधन मात्र मन लावून करायचं. कोणाला फोन करायचा, कोण कोणाचा विद्यार्थी, सरांचं गाव कोणतं, सगळं. नाव कळलं की त्यांची जेवढी पुस्तकं असतील तेवढी सूचीत घाला, विषय कापसाचा अन् पुस्तक शिल्पकलेचं असलं तरी घाला. आडनाव अकारविल्ह्यात पार खाली जात असेल, क्षीरसागर असं काही, तर 'विशेष संदर्भ' असा एक कप्पा सगळ्यात वर करा अन् त्यात ते एकटेच ठेवा.