चौकातलं केळं

"चौकात एक बारा फुटी केळं उभं करून द्या," एवढं बोलून मंडळी चहा पिऊन निघून जातात. पुढचं दुखणं आमचं, म्हणजे जळगावात सिमेंटची शिल्पं उभी करणाऱ्यांचं.

चिलीच्या अटाकामा वाळवंटात हमरस्त्यालगत वाळूतून वर आलेला एक हात आहे. मारिओ इराराझाबाल यांनी १९९२ साली केलेला, ११ मीटर उंच, लोखंड-सिमेंटचा. पाऊस जवळजवळ नाहीच. येणारेजाणारे त्यावर रंगाने नावं लिहितात, मग तो धुवावा लागतो, बस्स. सुखी हात! त्याने एक मे महिना जळगावात काढून दाखवावा.

आमच्याकडे छळ पायापासून सुरू. तापीकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया मातीतच थांबवला, तर केळं हळूहळू वाहनांना मुजरा करू लागतं. म्हणून मुरूम लागेपर्यंत खणायचं. मग १२ मिलिमीटरच्या उभ्या सळया, ८ची कडी, वर कोंबडी जाळीचे दोन थर. बाक इथेच ठरतो. जास्त वाकलं की रस्त्याने जाणारा प्रत्येकजण सायकलवरून एक पाय टेकून विचारतो, "भाऊ, हाई केळं शे का म्हैसनं शिंग?" देठाकडे सरळ ठेवा, अंगावर कडा काढा, गुळगुळीत केळ्याचा दुधी होतो.

गिलावा एकास दोन, म्हणजे एक भाग सिमेंटला दोन भाग वाळू, तीही चाळलेली, पाणी बेताचं. पारा ४४ वर गेला की पाटीतला माल थापीवर यायच्या आतच आवळतो, म्हणून काम पहाटेच. वर ओलं गोणपाट, किमान सात दिवस. पाणी मारणारा लिंबाखाली झोपला की भेगा पडल्याच. भेगेतून पाणी सळईला, सळईला गंज. गंज फुगतो आणि सिमेंटचे टवके उडवतो. तळाशी निचऱ्याचं भोक ठेवा, त्याला जाळी लावा, नाहीतर गांधीलमाशा भाडं न देता राहतात.

खरं रडगाणं पिवळ्याचं. भडक पिवळा दिसतो झकास, पण स्वस्तातला असेल तर उन्हात विटतो, केळं आजारी दिसतं. आयर्न ऑक्साइडचा पिवळा टिकतो, पण तो मातकट. केळं पहिल्या दिवसापासूनच जास्त पिकलेलं. जळगावच्या केळ्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, रंगाला मात्र नाही.

केळ्याशेजारी वांगंही हवं असतं. रंगारी बाहेरचा असला तर बिनधास्त जांभळा डबा उघडतो. त्याला आधीच धरा. भरिताचं वांगं इथे हिरवं असतं, आणि या बाबतीत खान्देशात कुणी ऐकून घेणार नाही.