पत्ते दिसल्यावर शहाणपण सगळ्यांनाच सुचतं

टीव्हीवर पोकरची फायनल बघताना आपण एक गोष्ट कायम विसरतो, की आपल्याला सगळ्यांचे पत्ते दिसत असतात आणि खेळणाऱ्याला फक्त स्वतःचे दोन. एवढ्यावरूनच माझी आणि कोल्हापुरातल्या मित्रांची सध्या फोनवर जोरदार वादावादी चाललीय, आणि मला ती महत्त्वाची वाटते, कारण पत्त्यांपेक्षा ती आपण माणसाचा निर्णय कसा तोलतो याबद्दल जास्त आहे.

झालं असं की मंगळवार पेठेतल्या आमच्या ग्रुपवर एकानं २००३ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची क्लिप टाकली. ८३९ खेळाडू, प्रत्येकाची एन्ट्री १०,००० डॉलर, आणि शेवटी दोघं उरलेले: ख्रिस मनीमेकर, टेनेसीचा अकाउंटंट, ऑनलाइन छोटी टुर्नामेंट जिंकून इथवर आलेला, आणि समोर सॅमी फारहा, मुरलेला व्यावसायिक. टेबलवर दोघांसाठी सामाईक पाच पत्ते: इस्पिक नव्वी, चौकट दुर्री, इस्पिक छक्की, मग इस्पिक अठ्ठी, शेवटी बदाम तिर्री. मनीमेकरच्या हातात इस्पिक राजा आणि बदाम सत्ती, म्हणजे फ्लश (एकाच छापाचे पाच पत्ते) पण चुकला आणि सिक्वेन्स (ओळीनं पाच पत्ते) पण चुकला, हातात काही म्हणजे काही नाही, आणि गड्यानं सगळ्या चिप्स, म्हणजे पैशांच्या जागी खेळायच्या चकत्या, पुढं ढकलल्या. फारहाकडं इस्पिक राणी आणि बदाम नव्वी, नव्व्यांची जोडी. तो विचार करत बसला, फ्लश चुकला वाटतं तुझा, असं तोंडानं बोलला पण, आणि शेवटी कॉल न करता, म्हणजे समोर तेवढ्याच चिप्स न लावता, पत्ते टाकून दिले, फोल्ड. पुढं मनीमेकर जिंकला, २५ लाख डॉलर घेऊन गेला, फारहाला १३ लाख.

ग्रुपवर लगेच सुरू. घाबरला! ओळखलं होतं तर कॉल करायला काय झालं होतं! एवढी जोडी हातात धरून कोण पळतं का!

माझं म्हणणं एवढंच, की त्याच्या खुर्चीत बसून बघा. टेबलवर तीन इस्पिक पडलेत, कुठलेही दोन इस्पिक असले की फ्लश. दश्शी-सत्ती किंवा सत्ती-पंजी असली की सिक्वेन्स. आणि समोरचा नवखा माणूस, नवखी माणसं एवढ्या मोठ्या स्टेजवर रिकाम्या हातानं सगळं लावत नाहीत असाच तोवरचा अनुभव. अशा वेळी एक जोडी टाकून देणं हा भित्रेपणा नाही. ग्रुपमध्ये एकानं मात्र खरा मुद्दा काढला, तो म्हणाला की फारहाकडं स्वतःकडंच इस्पिक राणी होती, म्हणजे समोरच्याकडं फ्लश असायची शक्यता तेवढी कमी, आणि दोघंच उरल्यावर बक्षिसाची पायरी सांभाळायचा, म्हणजे दुसरा कोण आधी बाहेर जाईल आणि आपलं बक्षीस वाढेल म्हणून थांबायचा, प्रश्नच नाही, मग कॉल करायलाच पाहिजे होता. हे मला मान्य नाही, पण वाद असा घालावा. यात कुठं मनीमेकरचे पत्ते बघून बोलणं नाहीय.

मी राहतो त्या वेल्समधल्या कार्डिफशी या गोष्टीचा संबंध आहे. १९९९ मध्ये चॅनल ४ वर लेट नाइट पोकर नावाचा कार्यक्रम सुरू झाला, त्याचं शूटिंग इथंच व्हायचं, टेबलात काच बसवलेली आणि काचेखाली कॅमेरे. त्याआधी टीव्हीवर पोकर बघण्यात काही मजा नव्हती, कोण खोटं बोलतोय तेच कळायचं नाही. काचेमुळं खेळ घराघरात गेला हे खरंच, पण घरात बसलेला प्रत्येकजण खेळाडूपेक्षा हुशार झाला ते पण त्याच काचेमुळं.

आणि दोघं उरायच्या आधी, म्हणजे नऊ जण बसलेले असताना, आपलं गणित अजूनच चुकतं. त्याच वर्ल्ड सिरीजच्या २०२३ च्या मुख्य स्पर्धेला १०,०४३ एन्ट्री होत्या. फायनल टेबलवर नवव्याला ९ लाख डॉलर, आठव्याला ११ लाख २५ हजार, तिसऱ्याला ४० लाख, दुसऱ्याला ६५ लाख, पहिल्याला १ कोटी २१ लाख. म्हणजे नुसतं शांत बसून दुसऱ्याला बाहेर जाऊ दिलं तर तेवढ्यात सव्वादोन लाख डॉलर वाढतात. हे डोक्यात न घेता "कॉल कर की" म्हणणं सोपंय.

छोटं उदाहरण घेऊ, कागदावर करून बघा. तिघं उरलेत, बक्षिसं ५० लाख, ३० लाख, २० लाख. पहिल्याकडं निम्म्या चिप्स, दुसऱ्याकडं तीस टक्के, तिसऱ्याकडं वीस. निम्म्या चिप्सवाल्याचा हिशेबानं वाटा किती, तर ५० लाख नाही, साधारण ३८ लाख ४० हजार. वीस टक्केवाल्याचा वाटा जवळजवळ २८ लाख ९० हजार, कारण २० लाख तर त्याचे ठरलेलेच आहेत. याला आयसीएम म्हणतात, चिप्सची किंमत पैशात काढायची पद्धत. आता तीस टक्केवाला आपण आहे असं धरा, आपला वाटा ३२ लाख ७५ हजारच्या आसपास. निम्म्या चिप्सवाल्यानं ऑल-इन केलं, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या. कॉल करून जिंकलो तर आपला वाटा ४१ लाख होतो, हरलो तर २० लाख घेऊन घरी. म्हणजे मिळायचं सव्वाआठ लाख आणि जायचं पावणेतेरा लाख. ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघायच्या आधीच लावावे लागणारे पैसे, हिशेबात धरले नाहीत तर हा कॉल परवडायला शंभरात साधारण ६१ वेळा जिंकलं पाहिजे. आपल्याकडं दश्शांची जोडी आहे, आणि समजा समोरच्यानं एक्का-राजा उघडा करून दाखवला. आपण शंभरात चोपन्न ते सत्तावन वेळा जिंकणार. तरी फोल्ड!

हे मी फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडं दोन मिनिटं शांतता, मग एकजण म्हणाला, भावा हे काय खरं नव्हं, पुढं असून टाकायचं व्हय? होय, टाकायचं. तिसऱ्याकडं चिप्स कमी आहेत, तो आधी जाईल, थांबण्यालाच किंमत आहे.

मला वाईट याचं वाटतं की हे कळायला कोल्हापूरच्या माणसाला पोकर शिकावं लागू नये. खासबागेत दोन तोडीचे पैलवान लागले आणि पंधरा-वीस मिनिटं नुसती खडाखडी चालली की आम्ही पोरं ओरडायचो, पण पायरीवर बसलेला जुना वस्ताद निकालाबद्दल एक शब्द बोलायचा नाही, तो बघायचा की पट काढायला गेला तेव्हा समोरच्याचा पाय मोकळा होता का नव्हता. चितपट झालेल्याला पण तो म्हणायचा, डाव बरोबर होता तुझा. ही नजर आपल्याकडं आहेच, ती पत्त्यांच्या वेळी कुठं जाते कळत नाही.

इथं परदेशात सगळं चांगलंय असं नाही. इथल्या टेबलवर एखादा हरलेला डाव मांडला तर पहिला प्रश्न येतो की चिप्स किती होत्या, पुढचं बक्षीस किती होतं, तू कुठल्या जागेवर बसला होतास, आणि कोण जिंकलं हे बरेचदा विचारतच नाहीत. हे मला फार आवडतं. पण त्याच शहरात बेटिंगची दुकानं आहेत, भर दुपारी एकेकटी माणसं मशिनसमोर बसलेली असतात, त्यांच्याशी बोलायला कोण नसतं. आपल्याकडं निदान कट्टा आहे, माणूस वाहवत चालला की चार जण शिव्या घालून उठवतात.

म्हणून गावाकडच्या दुसऱ्या वादात, ऑनलाइन पैशाच्या खेळांवरची बंदी बरोबर का चूक, मी मित्रांच्या बाजूनं आहे, बंदी बरोबर. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला, पोकर, रमी, फॅन्टसी सगळं त्यात आलं, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. तेव्हापासून तेच ते, नशीब का कौशल्य. एका डावात नशीबच असतं, एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीपुढं सुद्धा शंभरात अठरा वेळा मार खाते. हजारो डावांत कौशल्य दिसतं. दोन्ही खरंय, त्यामुळं त्या प्रश्नावर कायदा उभा करण्यात अर्थ नाही. विचारायचं ते हे, की ॲपवर पोरगं निर्णय घेत होतं का? पगार झाल्या रात्री मोबाइलवर एका मागून एक टेबल उघडायचं, हरलेलं भरून काढायला परत पैसे टाकायचे, यात कुठला विचार आला. इंग्लंड-वेल्समध्ये बंदी नाही, पण एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डानं जुगार खेळता येत नाही, आणि गॅमस्टॉपवर, म्हणजे स्वतःहून जुगारापासून लांब राहायच्या यादीत, नाव टाकलं की जुगाराच्या लायसन्स असलेल्या सगळ्या साइट तुम्हाला सहा महिने, वर्षभर किंवा पाच वर्षं बंद. असलं काही आपल्याकडं आधी नीट केलं असतं तर बंदीची वेळ आली नसती असं मला वाटतं, पण केलं नाही, आणि पोरांची घरं कर्जात गेली, तेव्हा बंदी झाली यात मला चूक दिसत नाही.

फक्त त्या बंदीबरोबर डावावर वाद घालणं बंद होऊ नये. त्याला पैसे लागत नाहीत. क्लिप लावा, पत्ते दाखवणाऱ्या पट्टीवर कागद चिकटवा, शेवटचं पान पडलं की थांबवा, आणि प्रत्येकानं कॉल का फोल्ड ते कारणासकट सांगायचं, मगच पुढं चालू करायचं. ग्रुपवर मी हे टाकलंय, पुढच्या रविवारी कोल्हापूरच्या रात्री साडेनऊला पहिला डाव, आणि ज्यानं ती क्लिप आधी बघितलीय त्यानं गप बसायचं.