तो आत पडतो की नाही? एका प्रतिक्रियेला जरा लांबलेलं उत्तर

नमस्कार, आधी थँक्स, कारण नुसतं "काहीही हं" लिहून निघून न जाता तुम्ही मुद्दे धरून भांडलात. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. मी लिहिलं की ब्लॅक होलमध्ये पडणारा माणूस लांबून बघणाऱ्याला इव्हेंट होरायझनपाशी मंद होत होत गोठल्यासारखा दिसेल (इव्हेंट होरायझन म्हणजे ब्लॅक होलची ती सीमा, जिच्या आत गेलेलं काहीच, अगदी प्रकाशही, बाहेर येत नाही), आणि पुढच्याच पॅराग्राफमध्ये लिहिलं की तो बिनदिक्कत आत जाईल. तर काळच थांबला म्हटल्यावर हा बाबा आत जाणार कधी? दुसरं म्हणजे तिथे माणूस ताणला जाऊन तुटतो हे सगळ्यांना माहीत असताना मी "काही जाणवणार नाही" म्हणतो. आणि शेवटी, आत जाऊन परत कोण आलंय, सगळ्या पुड्याच.

पहिल्या मुद्द्यात खरी गंमत आहे. काळ तिथे कोणासाठीच थांबत नाही. पडणाऱ्याचं घड्याळ त्याच्या हातावर नेहमीसारखंच टिकटिकतंय. मंदावतं ते त्याच्याकडून निघालेल्या प्रकाशाचं आपल्यापर्यंत पोचणं. होरायझनच्या जरा बाहेरून निघालेला प्रकाश रखडत रखडत बाहेर येतो, अजून जवळून निघालेला त्याहून उशिरा, आणि नेमका होरायझनवरून निघालेला कधीच येत नाही, म्हणजे आपण जे बघत बसतो ते त्याचं आधीचंच, उशिरा पोचणारं रूप असतं, माणूस कधीचाच पुढे गेलाय. आणि तो तिथे पुतळ्यासारखा कायमचा लटकलेला दिसतो असंही नाही बरं का, हे चित्र व्हिडिओवाल्यांनी फार पसरवलंय. आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागी जे ब्लॅक होल आहे, सॅजिटेरियस ए स्टार, साधारण ४३ लाख सूर्यांच्या वस्तुमानाचं, त्याच्या बाबतीत शेवटी शेवटी येणाऱ्या प्रकाशाची वेव्हलेंग्थ, म्हणजे लाटेची लांबी, दर मिनिटाला साधारण दुप्पट होत जाते. एक-दोन मिनिटांत तो डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेडमध्ये जातो, अर्ध्या तासात रेडिओ लहरींएवढा लांब होतो, आणि फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, हेही मोजकेच असल्यामुळे एक कुठला तरी शेवटचा येतो आणि विषय संपतो. दहा सूर्यांएवढ्या लहान ब्लॅक होलला तर हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होऊन जातं.

मर्केटरचा नकाशा बघा, तो नेहमीचा जगाचा सपाट चौकोनी नकाशा. त्यावर उत्तर ध्रुव काढताच येत नाही, वर वर जात अनंतावर जातो. म्हणून ध्रुवावर माणूस पोचत नाही असं कोणी म्हणत नाही ना? दूरच्या निरीक्षकाच्या घड्याळाने होरायझनवर "अनंत वेळ" येतो तो असाच, मोजायची पद्धत तिथे तोकडी पडते म्हणून. हे कळायला मोठमोठ्या लोकांनाही वेळ लागला. ओपनहायमर आणि स्नायडर या भौतिकशास्त्रज्ञांच्या १९३९ च्या पेपरमध्ये तुम्हाला खटकलेल्या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आहेत, कोसळणाऱ्या ताऱ्याबरोबर जाणाऱ्याच्या घड्याळाने साधारण एका दिवसात सगळं आटोपणं, आणि बाहेरच्याला तो तारा कधीच पूर्ण कोसळताना न दिसणं. त्याच वर्षी खुद्द आइन्स्टाइन अशा वस्तू निसर्गात असूच शकत नाहीत असं मांडत होते! लमेत्र या भौतिकशास्त्रज्ञाने १९३३ मध्येच दाखवलं होतं की होरायझनवर खरंखुरं काही बिघडत नाही, पण फिंकेलस्टाइन या दुसऱ्या भौतिकशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये ही एकेरी वाट आहे, आत जाता येतं बाहेर येता येत नाही, असं स्वच्छ मांडल्यावर हळूहळू लोकांच्या डोक्यात बसलं.

आता ताणून तुटणं, ज्याला स्पॅगेटिफिकेशन म्हणतात. ते होतंच, मी नाही कुठे म्हटलंय? प्रश्न कुठे होतं हा आहे. पाय डोक्यापेक्षा जास्त जोरात ओढले जातात, आणि होरायझनवरचा हा फरक वस्तुमानाच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होत जातो, म्हणजे ब्लॅक होल जितकं मोठं तितकं तिथे सौम्य, हे ऐकायला उलटं वाटतं पण तसंच आहे. दहा सूर्यांचं असेल तर होरायझनची त्रिज्या जेमतेम ३० किलोमीटर, आणि तिथे डोकं आणि पाय यांच्यातल्या ओढीचा फरक पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या कोट्यवधी पट, त्यामुळे माणूस तिथवर पोचायच्या कितीतरी आधीच संपलेला. सॅजिटेरियस ए स्टारला तोच फरक पृथ्वीच्या ओढीच्या दहा हजाराव्या भागाएवढा, कळणारसुद्धा नाही. होरायझन ओलांडल्यावर मात्र केंद्रापाशी संपेपर्यंत त्या माणसाकडे सुमारे अर्धा मिनिट उरतो, रॉकेट कसंही चालवलं तरी सव्वा मिनिटाच्या वर नाही, आणि ताणणं येतं ते त्यातल्या अगदी शेवटच्या क्षणी. एम ८७ या दूरच्या दीर्घिकेमधल्या ६५० कोटी सूर्यांच्या ब्लॅक होलमध्ये जवळजवळ बारा तास मिळतात. (आजूबाजूला तापलेला वायू फिरत असेल तर त्याच्या रेडिएशननेच आधी भाजून निघेल ही गोष्ट वेगळी.)

जाता जाता अजून एक, कारण तुम्ही ओझरतं लिहिलंय की पडणाऱ्याला विश्वाचं सगळं भविष्य फास्ट फॉरवर्डमध्ये दिसायला पाहिजे. नाही दिसत. लांबून मोकळा पडत आलेल्याला होरायझन ओलांडताना मागे राहिलेली घड्याळं उलट निम्म्या वेगाने चालताना दिसतात, कारण तो त्या प्रकाशापासून पळत असतो. फास्ट फॉरवर्ड बघायचं तर रॉकेट लावून होरायझनच्या जरा बाहेर थांबून राहावं लागेल.

राहिलं "परत कोण आलंय". कोणीच नाही, येणारही नाही. पण तिथे आदळायला पृष्ठभाग आहे की नुसता होरायझन, हे बाहेरून तपासता येतं. न्यूट्रॉन ताऱ्यावर (मेलेल्या ताऱ्याचा अतिशय घट्ट उरलेला गाभा, पण त्याला पृष्ठभाग असतो) शेजारच्या ताऱ्याचा वायू साठत जातो आणि मग अणुस्फोटासारखा एकदम पेटतो, असे एक्स-रे स्फोट अनेक न्यूट्रॉन ताऱ्यांवर दिसलेत. ज्या जोड्यांमध्ये एक तारा आणि एक ब्लॅक होल असल्याचं मानलं जातं तिथेही वायू तसाच पडतोय, पण असे स्फोट दिसत नाहीत, कारण साठायला जमीनच नाही. शिवाय भारतीय भौतिकशास्त्रज्ञ विश्वेश्वरांनी १९७० मध्ये गणिताने दाखवलं होतं की धक्का बसलेलं ब्लॅक होल एका ठरावीक पद्धतीने घुमून चटकन शांत होतं, आणि १४ सप्टेंबर २०१५ ला लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या यंत्रणेने दोन ब्लॅक होल एकत्र येताना पकडली तेव्हा सिग्नलचा शेवट त्याच्याशी जुळला. याला पुड्या म्हणायचं तर म्हणा बापडे.

खरं तर मला पकडायचंच होतं तर "होरायझनवर काही जाणवत नाही" या वाक्यावर क्वांटमच्या, म्हणजे अणूंहून लहान जगाच्या नियमांच्या, बाजूने पकडायला हवं होतं. २०१२ मध्ये चार भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवलं की हॉकिंग रेडिएशनमध्ये (ब्लॅक होलमधून हळूहळू बाहेर पडणाऱ्या अतिशय क्षीण किरणांमध्ये) आत पडलेल्या वस्तूंची माहिती जपली जाते असं धरलं, तर निदान जुन्या ब्लॅक होलच्या होरायझनवर प्रचंड ऊर्जेची भिंत असावी लागते, फायरवॉल म्हणतात तिला, आणि मग पडणारा तिथल्या तिथे जळून खाक. मी जे लिहिलं ते आइन्स्टाइनच्या थिअरीप्रमाणे, आणि ती भिंत आहे की नाही यावर अजून भांडणं चालू आहेत.