‘शकट’ आणि ‘रथ’ एक नव्हेत : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

रथाच्या नावांवरील माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. मुलांच्या सरावपुस्तकात रथ, स्यंदन, शतांग आणि शकट हे शब्द एकाच ओळीत समानार्थी म्हणून दिलेले असताना मी शकट बाजूला का काढतो, हा पहिला. दुसरा असा की, युद्धरथाला घोडेच जुंपत असे मी लिहिले, पण आषाढी वारीत आपल्या पुण्यातून जाणारा माउलींच्या पालखीचा रथ बैलजोडी ओढते. मग त्याला रथ म्हणायचे की नाही? हा दुसरा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो.

अमरसिंहाने रचलेल्या अमरकोश या संस्कृत समानार्थी शब्दांच्या जुन्या कोशाच्या दुसऱ्या कांडातील क्षत्रियवर्गात ‘याने चक्रिणि युद्धार्थे शताङ्गः स्यन्दनो रथः’ अशी ओळ आहे. युद्धासाठी असलेले चाकांचे यान, एवढीच ती व्याख्या. तीत जनावराचे नावही नाही. लगेच पुढे अमरसिंह सांगतो की, जे चक्रयान लढाईसाठी नाही तो पुष्परथ. पालखीचा रथ, देवाचा रथोत्सवातला रथ, या सर्वांना या शब्दात हक्काची जागा आहे आणि तेथे बैल जुंपले काय किंवा माणसांनी दोर ओढले काय, रथपण उणे होत नाही.

शकटाचे तसे नाही. कोशात तो येतो ‘अनस्’ या शब्दाच्या जोडीला, म्हणजे ओझ्याच्या गाड्याबरोबर. हा गाडा वाहणारा तो अनडुह्, अर्थात बैल. म्हणजे बैलाचे एक नावच गाड्यावरून पडले आहे. आपला छकडाही शकटाच्याच कुळातला. रणांगणावर अर्जुनाला शकटात बसवले तर अर्थच बिघडेल.

स्यंदनाबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. प्रवाहासारखे वाहत जाणे या अर्थाच्या धातूपासून तो आला आहे, म्हणून त्यात वेग आहे. त्याहून विलक्षण गोष्ट अशी की, अमराने वनौषधिवर्गात तिनिश या झाडाची नावे देताना स्यंदन, नेमी आणि रथद्रु ही तीन सलग दिली आहेत: रथ, चाकाची कड आणि रथाचे झाड! मराठीत या झाडाला तिवस किंवा काळा पळस म्हणतात. त्याचे लाकूड चिवट असल्यामुळे ते गाड्यांच्या चाकांना आणि शेतीच्या अवजारांना वापरत आले आहेत. सुताराचे ज्ञान शब्दकोशात असे उतरलेले पाहिले की मला या ग्रंथाविषयी अपार आदर वाटतो. गीतेच्या पहिल्याच अध्यायात ‘महति स्यन्दने स्थितौ’ आणि ‘रथं स्थापय’ हे दोन्ही प्रयोग एकाच वाहनासाठी आहेत, तेव्हा येथे समानार्थ निर्विवाद आहे.

आपण दायमाबाद या प्राचीन वसाहतीच्या जागी मिळालेल्या, वाहनाच्या कांस्यमूर्तीचाही दाखला दिला आहे. प्रवरेकाठी 1974 मध्ये सापडलेल्या त्या वाहनाला पुष्कळ अभ्यासक रथ म्हणतात, हे खरे. पण त्याची चाके भरीव आहेत आणि जुवाला बैल आहेत. भरीव चाक जड असते. वैदिक रथाचे चाक आऱ्यांचे असल्यामुळे हलके आणि म्हणून वेगवान. मुंडकोपनिषदातील ‘अरा इव रथनाभौ’ (रथचक्राच्या तुंब्यात बसवलेल्या आऱ्यांप्रमाणे) ही उपमा अशा चाकाशिवाय सुचलीच नसती. त्यामुळे मी त्या मूर्तीला बैलगाडी म्हणणेच पसंत करीन. आपल्याला घोड्यांचा रथ जवळच पाहायचा असेल तर मळवलीजवळच्या भाजे लेण्यांत विहाराच्या भिंतीवर चार घोड्यांच्या रथातला पुरुष कोरलेला आहे. त्याच्या दोन्ही बाजूंस छत्र आणि चामर धरलेल्या स्त्रिया आहेत आणि बहुतेक विद्वान त्याला सूर्य मानतात.

म्हणून सरावपुस्तकातील ओळीत रथ, स्यंदन आणि शतांग तसेच ठेवावेत आणि शकट काढून गाड्याच्या ओळीत लिहावा, असेच मी अजूनही सुचवीन.