‘प्रश्न उद्भवत नाही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या आठवड्यात मी लोकसभेच्या कामकाजाच्या एका दिवसावर लिहिलं होतं. अकराच्या आधी वाजणारी घंटा, मार्शलची ललकारी, अध्यक्ष येताच उभं राहणारं सभागृह, मग प्रश्नोत्तराचा तास, बारानंतर पटलावर ठेवायचे कागद, शून्य प्रहर (सदस्यांनी तातडीचे विषय मांडायची वेळ), जेवणाची सुट्टी आणि संध्याकाळी सहापर्यंतचं उरलेलं काम, असा तो लेख होता. शेवटी मी एक मत मांडलं होतं : पहिला तास गोंधळात बुडवणं अक्षम्य आहे, मग तो सत्ताधाऱ्यांनी बुडवो की विरोधकांनी.

त्यावर ‘एक करदाता’ या नावाने एका वाचकांची लांबलचक प्रतिक्रिया आली. थोडक्यात सांगते. गणसंख्येचा, म्हणजे कामकाज चालायला किमान किती सदस्य हजर हवेत त्याचा, आकडा मी चुकीचा दिला. घंटा, उभं राहणं, हात जोडणं यांचं वर्णन करून मी ‘संसदेची पूजा मांडली’. राज्यसभेने प्रश्नोत्तराची वेळ कधीच बदलली, लोकसभेच्या अकराच्या मुहूर्ताचं एवढं कौतुक कशाला. खासदार हजर नसतात आणि पैसा आमचा जातो. मधेच एक वाक्य असं : ‘पहिला तास बुडाला तर काय बिघडलं? लेखी उत्तर मिळतंच ना!’ आणि शेवटी : ‘एकदा पास काढून गॅलरीत बसलं की संसद कळली असं वाटणाऱ्यांपैकी तुम्ही एक.’

आधी चूक कबूल करते. राज्यघटनेच्या अनुच्छेद १०० प्रमाणे गणसंख्या एकूण सदस्यसंख्येच्या एक दशांश लागते. ५४३ चा दहावा भाग ५४.३, म्हणजे ५५ सदस्य हवेत. मी ५४ लिहिलं होतं. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता तुमच्या सुराबद्दल. मतभेद मला चालतात. पण तुम्ही लेखातलं एक वर्णन उचललंत, त्याला ‘पूजा’ हा शब्द चिकटवलात आणि मग त्या शब्दाला झोडपत बसलात. मी काय लिहिलं होतं? मार्शल ‘माननीय सभासदो, माननीय अध्यक्ष जी’ अशी हाक देतो, सगळे उभे राहतात, अध्यक्ष दोन्ही बाजूंना हात जोडतात आणि मग स्थानापन्न होतात. हे घडतं म्हणून लिहिलं. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सचा दिवस खरोखरच्या प्रार्थनेने सुरू होतो, सभापतींचे धर्मगुरू ती म्हणतात. आपल्या लोकसभेत तसं काही नाही. आपल्याकडे अध्यक्ष सभागृहाला नमस्कार करतात आणि थेट कामाला लागतात. कोणी नवा सदस्य शपथ घेणार असेल किंवा कोणाला श्रद्धांजली वाहायची असेल तर तेवढं आधी होतं. यात मी भाबडेपणा केला असं तुम्हाला वाटत असेल तर वाटो. पण पन्नास शब्दांच्या वर्णनावरून तुम्ही माझ्या अख्ख्या समजुतीची परीक्षा घेतलीत आणि मला नापास करून मोकळे झालात, ते मला लागलं. लागलं हे लपवत नाही.

आणि आता ते वाक्य. ‘लेखी उत्तर मिळतंच ना!’ तुमच्या प्रतिक्रियेतलं बाकी सगळं मी सोडून दिलं असतं. हे सोडवत नाही.

प्रश्नोत्तराचा तास कसा चालतो हे मी लेखात दोन ओळींत उरकलं, ती माझी चूक झाली म्हणा. लोकसभेत एका दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीत येतात. खासदाराला किमान पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते, मग सोडत निघते. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायचं असतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताला फक्त लेखी उत्तर. फरक कुठे आहे तर त्या उपप्रश्नात. तारांकित प्रश्नाचंही मूळ उत्तर छापूनच येतं. मंत्री उभे राहतात आणि ‘विवरण सभापटलावर ठेवलं आहे’ एवढंच म्हणतात. तिथपर्यंत दोन्ही सारखंच. पण त्यानंतर खासदार उठतो आणि मंत्र्यांच्या खात्याने लिहून न दिलेली गोष्ट विचारतो. त्या क्षणी मंत्र्यांना स्वतःच्या खात्याची माहिती आहे की नाही हे साऱ्या देशासमोर कळतं. मागे अधिकाऱ्यांच्या कक्षातून चिठ्ठ्या येतात, त्याही वेळेत पोचल्या तर.

एका तासात विसातले चार-पाच प्रश्नच पुकारले जातात हे मलाही माहीत आहे. २७ नोव्हेंबर २०१९ ला लोकसभेत विसाच्या वीस प्रश्न झाले तर त्याची बातमी झाली होती. म्हणून तर त्या चार-पाचांचं मोल. आणि सभागृह अकरा वाजून पाच मिनिटांनी बारापर्यंत तहकूब झालं की तेही चार-पाच गेले. त्यांची उत्तरं तुम्ही म्हणता तशी लेखी होऊन पटलावर जातात. तुमच्या मते हिशेब पूर्ण.

तुम्ही मला गॅलरीत पास काढून बसणारी म्हणालात. पंधराव्या लोकसभेच्या काळात मी दिल्लीत साडेतीन वर्षं एका खासदारांच्या कार्यालयात काम करत होते. त्यांचं नाव सांगणार नाही, त्यांना या वादात ओढायचं कारण नाही. दुष्काळी भागातले होते. माझं मुख्य काम प्रश्न लिहिणं. प्रश्न लिहिणं म्हणजे पत्र लिहिणं नव्हे. त्यात आरोप चालत नाही, मत चालत नाही, राज्याच्या अखत्यारीतला विषय चालत नाही, एका प्रश्नात फार लांबण लावता येत नाही. (क), (ख), (ग), (घ) असे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागात मंत्र्यांना सुटायला दार राहणार नाही असं वाक्य बसवायचं. एकेका प्रश्नावर मी तीन-तीन संध्याकाळी घालवल्या आहेत.

२०१० चं हिवाळी अधिवेशन. मतदारसंघातल्या एका गावात केंद्राच्या पैशातून पाणीपुरवठ्याची योजना झाली होती. टाकी उभी होती, नळ बसले होते, पाणी नव्हतं. मी त्या गावाला गेले होते. टाकीवर उद्घाटनाची तारीख रंगवलेली होती आणि खाली तोटीला कोणीतरी चिंधी बांधून ठेवली होती, का तर वाऱ्याने ती शिटीसारखी वाजायची आणि रात्री मुलं उठायची. बायका दीड कोसावरच्या विहिरीवर जात होत्या. आमचा प्रश्न सोडतीत निघाला, तारांकितांच्या यादीत तिसरा. तिसरा क्रमांक म्हणजे पुकारला जाणारच. खासदारसाहेबांनी मला त्या दिवशी चहा पाजला होता.

सकाळी उत्तराची छापील प्रत हाती आली. (क) आणि (ख) ला लिहिलं होतं की सदर योजना पूर्ण झाली आहे. (ग) मध्ये आम्ही विचारलं होतं की योजना बंद असल्यास त्याची कारणं काय आणि जबाबदार कोण. तिथे लिहिलं होतं : ‘प्रश्न उद्भवत नाही.’

आम्हाला हे अपेक्षितच होतं. दोन उपप्रश्न तयार होते, माझ्याच अक्षरात. पहिला साधा : योजना पूर्ण झाली हे खात्याने कशावरून ठरवलं, पाणी मोजून की बिल मंजूर झालं म्हणून? दुसरा त्याच्या उत्तरावर अवलंबून. ग्रामपंचायतीचं पत्र साहेबांच्या खिशात होतं. मी गॅलरीत होते. हो, पास काढूनच. कार्यालयातल्या माणसांनाही पासच लागतो. फोन, पेन, पिशवी सगळं बाहेर जमा केलेलं. अकरा वाजले, अध्यक्ष आल्या, पहिल्या प्रश्नाचा क्रमांक पुकारला आणि अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत विरोधी सदस्य उतरले. ते अधिवेशन टू-जी प्रकरणाच्या (दूरसंचार परवाने वाटपातल्या कथित घोटाळ्याच्या) चौकशीसाठी संयुक्त संसदीय समितीच्या मागणीवरून जवळजवळ सगळंच वाहून गेलं, तुम्हाला आठवत असेल. मागणी रास्त होती की नव्हती यात मी शिरत नाही. वरून मला साहेब दिसत होते. जागेवरच उभे होते, हातात तो कागद. काही मिनिटांत सभागृह बारापर्यंत तहकूब.

आणि मग, करदाते महोदय, आम्हाला लेखी उत्तर मिळालं. कायमचं. लोकसभेच्या दप्तरात आज ते उत्तर आहे : योजना पूर्ण, प्रश्न उद्भवत नाही. पुढच्या वेळी जिल्ह्यात पत्रव्यवहार केला तर तिथल्या अधिकाऱ्याने आम्हालाच त्या उत्तराची प्रत जोडून पाठवली. संसदेत सांगितलं आहे, आता आणखी काय हवं? ज्या कागदाने त्याला धरायचं होतं तोच कागद त्याची ढाल झाला. आता मला परत एकदा सांगा, काय बिघडलं?

हे एका गावापुरतं आहे असं म्हणाल. मोठं उदाहरण घ्या. १९५७ साली सरकारी आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंध्रा यांच्या कंपन्यांत सुमारे सव्वा कोटी रुपये घातल्याचा विषय लोकसभेत पहिल्यांदा आला तो एका प्रश्नातूनच. खासदार फिरोज गांधी तर सत्ताधारी काँग्रेस पक्षाचे, तरी त्यांनी तो लावून धरला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छगला यांची चौकशी बसली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना जावं लागलं. छापील उत्तराची घडी घालून सगळे घरी गेले असते तर यातलं काय झालं असतं? आपले समाजवादी खासदार मधु लिमये पुण्यात जन्मले आणि बिहारच्या मुंगेरमधून निवडून गेले. मंत्री त्यांना वचकून असत ते नियमांच्या पुस्तकामुळे आणि उपप्रश्नांमुळे. नुसती लेखी उत्तरं गोळा करणाऱ्याला कोण वचकेल?

तुम्ही असंही सुचवलंत की २०२० मध्ये प्रश्नोत्तराचा तास नव्हता, तेव्हा आभाळ कोसळलं नाही. त्या सप्टेंबरात साथीच्या कारणाने तो रद्द केला आणि अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरं तेवढी चालू ठेवली. म्हणजे नेमकी तुमची कल्पना अमलात आली होती. विधेयकं मंजूर होत होती, शून्य प्रहर अर्ध्या तासाचा का होईना होता, फक्त मंत्र्यांना उभं करून विचारण्याची सोय नव्हती. साथीच्या दिवसांत, जेव्हा माणसांना सरकारला सगळ्यात जास्त विचारायचं होतं, तेव्हा. १९६२ च्या युद्धात आणि आणीबाणीतही हा तास गेला होता. तो कधी जातो ती यादी एकदा डोळ्यांखालून घाला.

राज्यसभेचं म्हणाल तर २०१४ च्या हिवाळी अधिवेशनापासून तिथे प्रश्नोत्तरं बाराला सुरू झाली, कारण अकराला रोज गोंधळ व्हायचा. नंतर गोंधळ बाराच्याही मागे लागला. घड्याळ हलवून हे सुटत नाही. मी अकराचं कौतुक केलं ते मुहूर्त म्हणून नव्हे. दिवसाचं पहिलं काम सरकारने उत्तर देण्याचं असावं आणि सरकारचं स्वतःचं काम त्यानंतर यावं, हा क्रम मला मोलाचा वाटतो. तो क्रम राज्यसभेने मोडला. मला तो निर्णय पटलेला नाही, हे लेखातही होतं. तुम्ही तो परिच्छेद वाचलेला दिसत नाही.

खासदारांची हजेरी, मिनिटाला किती खर्च होतो, कॅंटीन वगैरे मुद्द्यांना मी उत्तर देणार नाही. ते मुद्दे माझ्या लेखाचे नाहीत आणि दर चहाच्या टपरीवर ते ऐकू येतात. तुम्ही पहिले नाही आहात.

हेही म्हणते की अधिवेशन चालू असताना अकरा ते बारा एकदा टीव्हीसमोर बसा. बातम्यांतली झटापट नको, सलग तास बघा. एखादा पहिल्यांदा निवडून आलेला सदस्य घाबरत घाबरत उपप्रश्न विचारतो, मंत्री भलतंच उत्तर देतात, आणि अध्यक्ष म्हणतात, यांनी विचारलेल्याचं उत्तर द्या. असं रोज घडत नाही. पण घडतं तेव्हा मतदाराने दिलेलं मत त्या खोलीत खरंच पोचलेलं दिसतं.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. गणसंख्येच्या दुरुस्तीशेजारी तुमच्या टोपणनावाचा उल्लेखही केला आहे. पण ते शेवटचं वाक्य, पास काढून बसणाऱ्यांबद्दलचं, तुम्ही मागे घ्यावं असं मला वाटतं. माझ्यासाठी नव्हे. त्या गॅलरीत रोज शाळेची मुलं येतात, गावाकडून आलेली म्हातारी माणसं येतात, धोतराच्या सोग्याने घाम पुसत तासाभराचा पास संपेपर्यंत खाली बघत बसतात. त्या दिवशी माझ्या शेजारी असेच एक आजोबा होते. सभागृह तहकूब झालं तसं त्यांनी मला विचारलं, ‘संपलं का?’ मी म्हटलं, बारा वाजता पुन्हा सुरू होईल. ते म्हणाले, ‘आमचा पास साडेअकरापर्यंतच आहे.’