कॅबिनेट घ्यायलात? मग फक्त लुक बघा

नवीन कॉम्प्युटर जोडायलात ना? मग आधी कॅबिनेट, म्हणजे सगळं सामान बसवायची पेटी, पसंत करा, आतल्या सामानाचं नंतर बघू. मापं काढत बसू नका, सोयरीक करायला जाताना कोणी टेप नेतं का. (उंची विचारतात म्हणा, ते सोडा.) माझं ग्राफिक्स कार्ड ३२० मिलिमीटर आणि कॅबिनेटात जागा ३०० ची, तर दुकानदारानं पकड घेतली अन् हार्ड डिस्कचा पिंजराच उपटला. हार्ड डिस्क कुठं ठेवू म्हणलं, तर "राहू द्या की सर खाली आडवी, दिसत नाही."

मदरबोर्डखालचे (मदरबोर्ड म्हणजे सगळं ज्याच्यावर जोडतात तो मुख्य बोर्ड) पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड पेटीच्या पत्र्याला टेकू नये म्हणून लावायचे छोटे खांब, अंदाजे लावा. बोर्डाला भोक नाही तिथं एखादा राहिला तर बोर्ड शॉर्ट होतो, एवढंच.

मागची आयओ शिल्ड, म्हणजे वायरी लावायच्या भोकांभोवतीची पत्र्याची पट्टी, विसरली तरी चालतं, पालीला आत यायला वाट पाहिजेच.

लाईट मात्र सोडू नका. सात पंखे, सातही रंगीत, आणि समोर सलग काच. काचेतून हवा कशी येईल असं विचारायचं नाही, मी विचारलं तर दुकानदार म्हणायला "सर, लुक बघा ना". बघितला लुक. परभणीतला मे, दुपारचे तीन, कूलर सुद्धा कोमट वारं फेकायला, आणि पेटीतले पुढचे तीन पंखे काचेला तोंड लावून हवा ओढायलेत, म्हणजे बूच न काढता बाटलीतून पाणी प्यायलेत, आणि प्रोसेसर १०० डिग्रीला टेकला की स्वतःच वेग कमी करून बसतो, मग आपण पैसे भरले कशाचे, निळ्या उजेडाचे? शेवटी मीच खोललं. तर प्रोसेसरवरच्या कूलरच्या बुडाला प्लास्टिकची पट्टी तशीच! तिच्यावर छापलंय, बसवण्याआधी काढा म्हणून! ती काढली, प्रोसेसरची उष्णता कूलरकडं नेणारी पेस्ट लावली, तर ९० वर आलं. मग समोरची काच काढली, तर ७५. अन् ती काच खाली टाइलवर टेकवली, टेकवली म्हणतो मी, आपटली नाही, तर खळ्ळकन चुरा. टफन काच मधे बुक्की मारा, काही होत नाही, कडेला सिरॅमिक लागलं की संपली. हे विकणाऱ्याला माहीत नसतं?

माहीत असतं हो. पट्टी काढायला दोन सेकंद लागतात, तेवढे दोन सेकंद नव्हते अन् पंख्याचा रंग कुठला ठेवू हे विचारायला अर्धा तास होता. आणि तुम्ही लोक पण कमी नाहीत. पेटीचा फोटो दाखवला की "एक नंबर भावा", हवा कुठून जाते कुठून येते एकानंही विचारलं नाही. समोर जाळी असलेलं घ्या रे. पिठाच्या चाळणीसारखं दिसतंय म्हणता, दिसू द्या ना, ते काय दिवाणखान्यात आरास मांडायलात का?

माझं सध्या टेबलफॅनसमोर उघडं पडलंय. बघायला या, पण चपला काढू नका, काचेचे कण अजून सापडायलेत.