‘तण उगवत नाही’ हे माझं चुकलंच, पण ऑफिस टाईम त्यामुळे मेलं नाही

तुमची तक्रार अशी, की जमीन झाकणाऱ्या रोपांवरचा माझा लेख वाचून झाडाखालच्या वाफ्यात फुटाफुटावर ऑफिस टाईम (पोर्टुलाका) लावलं, चार महिन्यांत नुसत्या काड्या उरल्या आणि मधून लव्हाळा हे तण वर आलं. त्यापेक्षा वेडेलिया, ती पिवळ्या फुलांची पसरणारी वेल, लावली असती तर बरं, ती कुठेही वाढते.

‘जमीन झाकली की तण उगवत नाही’ हे वाक्य मागे घेतो. जमीन पूर्ण झाकेपर्यंत तण येणारच, आणि लव्हाळा तर नंतरही डोकं काढतो. उपटला की पातं हातात येतं, गाठ मातीत राहते आणि पुन्हा फुटते. म्हणून लागवडीआधी रिकाम्या वाफ्याला पाणी द्यायचं, लव्हाळा उगवू द्यायचा आणि खुरप्याने गाठीसकट काढायचा. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने असं तीनदा तरी. कंटाळवाणं आहे, पण लेखात यायला हवं होतं.

ऑफिस टाईमचं दुखणं मात्र वेगळं. तुम्हीच लिहिलंय, तिथे सकाळी जेमतेम दोन तास ऊन येतं. त्याला सहा तास थेट ऊन हवं. कमी पडलं की पेरं लांबतात, काड्या लोळतात, कळ्या उघडत नाहीत. सावलीत माती ओली राहते ती वेगळीच. एखादी काडी बुडाशी दाबून पाहा. मऊ, तपकिरी लागली तर पाणी जास्त झालंय.

अंतरही जास्त पडलं. फुटावर लावलं तर चौरस मीटरला साधारण 11 रोपं बसतात, 20 सेंमीवर 25. उरलेल्या उघड्या मातीत तणाला मोकळं रान मिळतं. रोपांमध्ये 3-4 सेंमी वाळका पालापाचोळा पसरा, बुडापासून दोन बोटं लांब.

त्या जागी मी मोंडो ग्रास, गवतासारखं दिसणारं बुटकं रोप, लावेन, 15 सेंमीवर. भरायला फार वेळ घेतं, पण सावलीत टिकतं. जमिनीलगत पसरणारी मंडूकपर्णी दिसते छान, पण तिला सतत ओल लागते आणि झाडाची मुळं ती ओढून घेतात. जांभळ्या पानांची ट्रेडस्कॅन्शिया जगेल, फक्त जांभळी राहणार नाही, हिरवट पडेल. काहीही लावा, वाफा खणू नका. मुळांच्या मधे रोपापुरते खड्डे करा.

वेडेलिया कुठेही वाढते हीच तिच्याबद्दलची तक्रार आहे. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या जगातल्या 100 सर्वांत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत ती आहे. जमिनीला टेकलेल्या प्रत्येक पेराला मुळं फुटतात. आधीच कुंडीत असेल तर असू द्या, पण छाटलेले तुकडे कंपोस्टमध्ये टाकू नका. उन्हात पसरून पार कडकडीत वाळवा, मगच टाका.